एकाच डोक्यावर तीन जातींचे केस : दादरच्या पार्लरमधलं एक प्रकरण

तन्वी (नाव बदललं आहे, बाकीचं तिच्या परवानगीने लिहिते आहे) जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याबरोबर माझ्याकडे आली. पाऊस नुकताच लागला होता. मुलुंडहून दादरपर्यंत लोकलच्या दाराशी उभी राहून आलेली, केस दमट, आणि मानेच्या मागे लिंबाएवढ्या दोन गाठी. आत्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, डिसेंबरात हिच्या चुलतबहिणीचं लग्न आहे. एकदाचं रिबाँडिंग करून, रसायनाने केस कायमचे सरळ करून टाका. सकाळी विंचरण्यात पाऊण तास जातो हिचा, रोज गाडी चुकते."

माझ्या पार्लरला तेवीस वर्षं झाली. केस गुंततात म्हणून रिबाँडिंग हवं, असं सांगणारी आठवड्यातून एक तरी येतेच. वरचे पाच इंच कुरळे आणि खाली सरळ, म्हणजे जुनं रिबाँडिंग वाढून खाली उतरलंय, मुळांना टचअप केला की झालं, असं मी धरून चालले. टेल कोंबने सेक्शन पाडायलाही घेतले होते. थांबले ती हाताला जे लागलं त्यामुळे.

बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत ओढली, की एकाच जातीच्या केसाला स्पर्श सारखा लागतो, फार तर टोकाशी जरा राठ. तन्वीच्या बटेत हा स्पर्श दोनदा बदलला. वरचे पाच इंच कुरळे, थोडे तेलकट, जिवंत. मधले तेरा-साडेतेरा इंच सरळ, पण खडूची पूड चोळल्यासारखे कोरडे आणि निस्तेज; चिमटी सरकताना अडत होती. शेवटचे साडेपाच इंच पुन्हा वेगळे : चपटे, गुळगुळीत, ताठ, टोकं फाटलेली. आणि मधला भाग संपून टोकाचा भाग सुरू होतो तिथे, जेमतेम दीड इंचात, तुटलेल्या आखूड केसांचा पट्टाच होता. मानेमागच्या गाठी बरोबर तिथेच बसल्या होत्या. एका रसायनाने असा केस होत नाही.

मी विचारलं, "रिबाँडिंग कधी केलं होतंस?"

"तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सुट्टीला आले होते तेव्हा. मग नैरोबीला परत गेल्यावर तिथल्या सलोनमध्ये स्ट्रेटनिंग करायचे."

तन्वीचे वडील नोकरीनिमित्त नैरोबीत आहेत आणि ती तिथेच वाढली. गेल्या ऑगस्टमध्ये शिकायला मुंबईत आली, तेव्हापासून केसांना काहीच केलेलं नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. दहा महिन्यांचे पाच इंच कुरळे, हा हिशेब जुळला. तीन वर्षं आणि एका महिन्याचे साडेअठरा इंच. चोवीस इंचांतून ते वजा केले की टोकाचे साडेपाच इंच त्या मे महिन्यातल्या रिबाँडिंगचे. प्रश्न मधल्या भागाचा होता. "स्ट्रेटनिंग" हा शब्द आपल्याकडे कशालाही लावतात. रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन, रिलॅक्सर, घरच्या इस्त्रीलासुद्धा. त्या शब्दावरून डब्यात काय होतं ते कळत नाही. म्हणून मी नाव विचारायचं सोडलं आणि काय काय करायचे ते आठवायला सांगितलं.

"इस्त्री करायचे?" नाही. "किती वेळ लागायचा?" तास-सव्वा तास, त्यातही क्रीम डोक्यावर पंधरा-वीस मिनिटंच. "अमोनियासारखा नाकात जाणारा वास?" नाही. "डोकं भाजायचं?" थोडं चुरचुरायचं, म्हणून आधी कडेने व्हॅसलीन लावायचे. आणि मग तिने आपणहून सांगितलं, "काकू, पांढऱ्या क्रीमच्या डब्यात एका छोट्या बाटलीतलं पाणी ओतायचे आणि लाकडी काडीने ढवळायचे."

हे ऐकलं आणि मी कंगवा खाली ठेवला.

रिबाँडिंगच्या क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. आम्ही नुसतं थायो म्हणतो. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनमध्ये गंधकाचे दोन अणू हातात हात घालून जे बंध करतात, त्यांच्यामुळे केसाला बळ आणि त्याचा आकार येतो. थायो ते हात सोडवतं, आपण इस्त्रीने केस सरळ करतो, मग न्यूट्रलायझर (बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड) ते हात नव्या जागी पुन्हा जोडतो. थायोचं पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, नऊ-साडेनऊच्या आसपास; सातच्या वर सगळी अल्कली. तन्वीने सांगितला तो, दोन बाटल्या मिसळून होणारा रिलॅक्सर (कुरळेपण काढणारं क्रीम) वेगळ्या घराण्यातला आहे. डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम, बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट. दोन्ही मिसळली की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. आफ्रिकेत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये घट्ट कुरळ्या केसांसाठी हे बरीच वर्षं वापरात आहे. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ते फारसं कोणी पाहिलेलंही नसतं. त्याचं पीएच बाराच्या वर जातं, आणि पीएचची एकेक पायरी दहापटीची असते. हायड्रॉक्साइड हात सोडवून थांबत नाही, दोन गंधकांपैकी एक काढूनच टाकतं. उरलेल्या एकट्या गंधकाचा जो बंध बनतो त्याला लँथिओनीन म्हणतात. तो थायोने सुटत नाही आणि पेरॉक्साइडने जुन्या रूपात येत नाही. म्हणून हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर थायो लावला, तर सरळ करायला काही उरलेलंच नसतं. जे थोडे मूळचे बंध शिल्लक असतात तेवढे तुटतात, आणि केस संपतो.

हे सगळं आत्यांना सांगून पटलं नसतं, म्हणून मानेजवळून पेन्सिलीएवढी जाड एक बट मुळाशी कापून घेतली. तिचे तीन भाग करून पांढऱ्या दोऱ्याने बांधले. पुढचा सव्वा तास आम्ही तिघींनी त्या तीन जुड्यांबरोबर घालवला, आणि या प्रकरणातलं मला जे कळलं ते बहुतेक त्या सव्वा तासात कळलं.

आधी ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब सोडला. कुरळ्या जुडीवर थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला. टोकाच्या, रिबाँडिंगच्या जुडीवर पसरला, मग हळूहळू मुरला. मधल्या जुडीवर पडला तसा नाहीसा झाला. केसाच्या सर्वांत बाहेरच्या खवल्यांवर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो. तो रासायनिक बंधाने खवल्याला चिकटलेला असतो, शाम्पूने जात नाही. त्याच्यामुळेच पाणी ओघळतं आणि एक केस दुसऱ्यावरून घसरतो. अल्कलीने तो थर सुटून जातो. थायोने बराच जातो, हायड्रॉक्साइडने त्याहून जास्त. आणि वरून लावलेल्या कुठल्याही सीरमने तो परत उगवत नाही. घसरण गेली, की दोन केस एकमेकांना धरून ठेवायला लागतात. गुंत्याचं मूळ कारण हे.

मग ओला करून ताण दिला. निरोगी ओला केस साधारण तीस टक्के लांबतो आणि सोडला की परत येतो. कुरळ्या भागातला आला. रिबाँडिंगचा जरा लांबला आणि टचकन तुटला. मधला लांबत गेला, लांबत गेला, आणि सोडल्यावर तसाच लोंबत राहिला, ताण गेलेल्या चड्डीच्या नाडीसारखा.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या समाधानासाठी केली. तीन मग पाणी घेतलं, प्रत्येकात एक जुडी बुडवून पन्नासदा हिसळली आणि फणी फिरवली. कुरळी जुडी आक्रसून एक झाली होती, पण फणी दोन ठिकाणी अडकून निघाली. रिबाँडिंगची वरून सरळ उतरली आणि फाटक्या टोकांशी अडली. मधल्या जुडीत फणी शिरेचना. तो गुंता गाठीचा नव्हता, सबंध जुडीचा काथ्या झाला होता. तन्वी ते पाहत म्हणाली, "रोज सकाळी माझं हेच होतं."

आता हे नीट सांगायला हवं, कारण "रिलॅक्सरने केस गुंततात" असं सरसकट म्हणणं चुकीचं होईल. कॅल्शियमऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिकचा, रिलॅक्सरही असतो. तो डोक्याची त्वचा जास्त भाजतो, चुकला तर जखमा होतात, पण धुतल्यावर केसात तेवढा क्षार मागे राहत नाही आणि केस हाताला मऊ लागतो. दोन बाटल्यांचा प्रकार त्वचेला सौम्य म्हणून घरी वापरायला विकतात, पण त्या मिश्रणातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत खडूच, आणि ते केसावर बसत जातं. माझ्या चिमटीला खडूची पूड लागल्यासारखं वाटलं ते उगाच नव्हतं. दर दहा-बारा आठवड्यांनी टचअप, प्रत्येक वेळी आधीच्या भागावर थोडं क्रीम उतरणार, प्रत्येक वेळी नवा थर.

त्यात मुलुंडचं पाणी. म्हणजे पालिकेचं नाही. तानसा-वैतरणा-भातसाचं तलावाचं पाणी केसांना चांगलं असतं. पण आत्यांच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो आणि बोअरचं पाणी त्यात मिसळतं. "बादलीला पांढरा थर धरतो का?" विचारल्यावर आत्या म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी व्हिनेगर लावून घासते." जड पाण्यातलं कॅल्शियम बादलीला धरतं तसं केसालाही धरतं, आणि ज्या केसाचा स्निग्ध थर गेलेला आहे त्याला आधी धरतं.

सगळ्यात शेवटी मधल्या जुडीतले दहा-बारा केस वेगळे काढले आणि आम्ही रोज वापरतो तेच थायोचं क्रीम लावलं. बाराव्या मिनिटाला धुवायला घेतलं तर केस बोटांत उकडलेल्या शेवईसारखा झाला होता. जरा ओढल्यावर तुटला, आवाजही झाला नाही. आत्यांनी हात लावून पाहिला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग तन्वीच्या डोक्यावरून हात फिरवला. मीही गप्पच होते, कारण तासाभरापूर्वी मी हेच क्रीम वाटीत काढणार होते.

तो दीड इंचाचा तुटका पट्टाही आता समजला. नैरोबीत पहिल्यांदा रिलॅक्सर लावला तेव्हा मुळाशी तीनेक इंच कुरळे वाढले होते आणि खाली रिबाँडिंगचे केस होते. लावताना क्रीम दीड इंच खाली उतरलं. थायोवर हायड्रॉक्साइड. तिथून केस तुटत राहिले, आणि ती आखूड तुटकी टोकं शेजारच्या लांब केसांना गोखरूसारखी अडकत राहिली. त्या सलोनला दोष द्यायचा तर आधी इथल्या उपनगरातल्या पार्लरला द्यायला हवा. त्यांनी काय लावलं त्याची एक चिठ्ठीही मुलीला दिली नव्हती, आणि परदेशी जाणाऱ्या मुलीला "पुढे दुसरं काही लावू नकोस" एवढंही सांगितलं नव्हतं. ब्रँडचं नाव आणि "थायो" एवढे दोन शब्द लिहून दिले असते तर पुढचं टळलं असतं.

दुसरी हद्द वरची, कुरळं संपून सरळ सुरू होतं तिथली. इथे तुटका पट्टा नव्हता, पण गुंता होताच. कुरळा केस वळून जागोजागी फासे करतो आणि खालचा सरळ, खरखरीत केस त्या फाशांतून सुईतल्या दोऱ्यासारखा ओवला जातो. दमट हवेत कुरळा भाग आणखी आक्रसतो, फासे लहान होतात. लोकलच्या दारातला वारा सगळं हलवत राहतो. कोरड्या हवेत तिला हा त्रास एवढा जाणवला नव्हता. मुंबईच्या पावसाळ्यात जाणवला.

करायचं काय, यावर त्या दिवशी बरंच बोलणं झालं. रिबाँडिंग बाद झालंच होतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पार्लरने तिला केराटिन ट्रीटमेंट सुचवली होती. ही ट्रीटमेंट म्हणजे बहुतेक वेळा वरून बसणारा लेप असतो. तीन-चार महिने केस घसरतो, गुंता कमी होतो, ते खोटं नाही. पण तो लेप बसवायला दोनशे तीस अंशांपर्यंत तापलेली इस्त्री पुन:पुन्हा फिरवतात. नाडीसारखा लोंबणारा केस त्यात टिकला नसता. शिवाय ज्यावर "फॉर्मल्डिहाइड नाही" असं लिहिलेलं असतं त्यांतल्या पुष्कळांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. २०२४ च्या मार्चमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद दिली : २०२०, २०२१ आणि २०२२, तिन्ही वेळा केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. ही नोंद वाचल्यापासून ते ॲसिड असलेलं काही माझ्या पार्लरमध्ये येत नाही.

तन्वीने तिसरा पर्याय विचारला : वडिलांकडून तोच डबा मागवला तर? फक्त नव्या कुरळ्या भागाला लावायचा. रसायनाच्या दृष्टीने तिचा प्रश्न बरोबर होता. हायड्रॉक्साइडच्या शेजारी हायड्रॉक्साइडच चालतं. पण माझ्या हाताला त्या क्रीमची सवय नाही. बाराच्या वरच्या पीएचचं क्रीम दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्यावर मी शिकण्यासाठी लावणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, तेही सांगितलं. कशातल्या नेमक्या कोणत्या घटकामुळे, ते त्यातून सिद्ध होत नाही, हेही सांगितलं. निर्णय तिचा होता.

तिने कापायचं ठरवलं. डोळे भरले होते, पण ठरवलं. त्याच दिवशी तुटक्या पट्ट्यासकट टोकाचे साडेपाच आणि त्यांच्या वरचे दीड असे सात इंच गेले. राहिले सतरा : वरचे पाच कुरळे, खालचे बारा रिलॅक्सरचे. मग क्षार काढणारा, ईडीटीए असलेला शाम्पू एकदा लावला. धुतल्यावर मधल्या भागाची ती खडूची खरखर निम्म्याहून कमी झाली. केस दुरुस्त झाला असं नाही, ओझं उतरलं.

घरी करायचं जे सांगितलं ते साधं होतं. न्हाण्याआधी रात्री खोबरेल. इथे आजीबाईचा बटवा म्हणून खोबरेल सांगत नाही. मुंबईतल्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी, रेळे आणि मोहिले यांनी, २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल ताडून पाहिली होती. केसातून धुऊन जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. मग शाम्पू फक्त टाळूला, आणि भरपूर कंडिशनर. रसायनाने खरडलेल्या केसावर ऋण भार वाढतो, कंडिशनरमधले धन भाराचे घटक नेमके तिथे जाऊन बसतात. गेलेल्या स्निग्ध थराचं काम ते पुढच्या न्हाण्यापर्यंत चालवतात. शेवटचा तांब्या टँकरच्या पाण्याचा नको, पिण्याच्या पाण्याचा घ्यायचा. गुंता सोडवायचा तो कंडिशनर असतानाच, चार भाग करून, जाड दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरू करून इंच-इंच वर चढत. आणि प्रवासात केस मोकळे नाहीत, सैल वेणी.

हे शेवटचं पाळणं तिला सर्वांत जड गेलं. जुलैत एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला केस मोकळे सोडून, पावसात भिजून, तशीच लोकलने घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी वरच्या हद्दीवर मोठी गाठ घेऊन माझ्याकडे आली. ती सोडवायला मला चाळीस मिनिटं लागली. तेल, कंडिशनर, विणकामाची जाड सुई. एकही कात्री लावली नाही, पण हातात आलेल्या केसांचा गोळा पाहून ती स्वतःच म्हणाली, "आता वेणी."

दर दोन महिन्यांनी इंचभर कापत गेलो. डिसेंबरात कुरळे आठ इंच झाले होते आणि रिलॅक्सरचे नऊ. लग्नात मी तिचा सैल खोपा घातला, हद्द आत दडवली, वरून मोगऱ्याचा गजरा. घरी विंचरायला तेव्हा पंधरा मिनिटं लागत होती.

मेमध्ये उरलेला रिलॅक्सरचा भाग एकदम काढून टाकला. आता खांद्याच्या जरा वर येणारे साडेदहा इंच, ओले असताना. वाळले की हनुवटीपर्यंत चढतात. हे कुरळे मोठ्या वळणाचे, मऊ आहेत. तिने स्वतःचे असे केस शाळेनंतर पाहिलेच नव्हते. गुंता अजून होतो, दोन दिवस हात लावला नाही तर मानेशी होतोच. पण कंडिशनर लावून बोटं फिरवली की सुटतो, आणि हातात तुटलेला केस येत नाही.

दोऱ्याने बांधलेल्या त्या तीन जुड्या मी पुठ्ठ्यावर चिकटवून कॅश काउंटरच्या खणात ठेवल्या आहेत. कोणी "आधी स्ट्रेटनिंग केलंय" म्हणालं, की आधी त्या हातात देते आणि विचारते, तुमचा केस यांतल्या कशासारखा लागतो.